रंग, मीठ आणि पंचगंगा : हुपरी-इचलकरंजी परिसरातील वस्त्ररंजनाचा एक प्रश्न

हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध आहे. येथील पैंजण, वाळे, जोडवी व कमरपट्टे देशातील दूरदूरच्या सराफ पेठांत विकले जातात. चांदीकामातील एक जुनी चाल प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ध्यानात घेण्यासारखी आहे. कारागीर दिवसाचे काम आटोपल्यावर बसण्याची जागा झाडतो. परंतु तो केर उकिरड्यावर जात नाही. कानशीने घासताना उडालेला कीस, फुटक्या मुशी, भट्टीची राख हे सारे राखून ठेवले जाते आणि झारेकरी त्यातून चांदीचा कण न् कण वेगळा काढतो. ही काटकसर कोणत्याही कायद्याने शिकविलेली नाही, की तिच्यासाठी निरीक्षक नेमावा लागला नाही. केरात जाणाऱ्या वस्तूला बाजारात भाव आहे, एवढे एकच कारण तिला पुरेसे झाले. (या काटकसरीलाही मर्यादा आहेच. चांदी नत्राम्लात विरघळवून शुद्ध करण्याच्या पद्धतीत चांदी खाली बसविली जाते. तिच्यात मिसळलेले तांबे मात्र निळसर पाण्यातून वाहून जाऊ शकते, कारण त्या अल्प तांब्यासाठी खटपट करणे परवडत नाही.)

हुपरीपासून काही किलोमीटरांवर इचलकरंजीचे कापड आहे, आणि पश्चिमेच्या बाजूस कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतही सूत व कापडाचे कारखाने उभे राहिले आहेत. कापड रंगविण्याच्या धंद्यात मोरीतून जे वाहून जाते त्याला कोणी झारेकरी मिळत नाही. ते का मिळत नाही, आणि मिळावा यासाठी रसायनशास्त्र काय करू शकते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रथम स्थळाची कल्पना असणे आवश्यक आहे. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या चार नद्या आणि लोकसमजुतीतील गुप्त सरस्वती यांच्या संगमाने प्रयाग चिखली येथे पंचगंगा बनते, आणि कोल्हापूर व इचलकरंजी ही शहरे काठावर घेत नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. हुपरी पंचगंगेच्या दक्षिणेस आहे. आणखी दक्षिणेस दूधगंगा वाहते. म्हणजे हे गाव दोन नद्यांच्या दुआबात वसलेले आहे, आणि या दोन नद्यांची सध्याची स्थिती परस्परांहून फार भिन्न आहे.

इचलकरंजीत यंत्रमागाचा प्रारंभ १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी केला. त्यांच्या गिरणीचे नाव ‘व्यंकटेश रंगतंतु मिल’ असे होते, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. येथील धंद्याचा आरंभ रंगीत सुताच्या लुगड्यांपासून झाला. म्हणजे रंगाई ही या गावाला नंतर चिकटलेली गोष्ट नसून धंद्याच्या जन्मापासूनची आहे. पुढे मागांची संख्या वाढली तसे कोरे कापड विणणे हेच मुख्य काम बनले आणि त्यातील बराच माल रंगाई-छपाईसाठी राजस्थानातील पाली, बालोतरा यांसारख्या ठिकाणी जाऊ लागला. कापडाबरोबर त्याचे सांडपाणीही परप्रांती गेले, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही. पालीजवळची बांडी नदी रंगीत पाण्याने कशी बिघडली, याची दखल न्यायालयांना घ्यावी लागली. स्थानिक प्रक्रिया-कारखाने वाढणे हे रोजगाराच्या दृष्टीने इष्ट आहे. पण त्याबरोबर बांडीचा प्रश्नही आपल्या दारी येतो, हे विसरता येत नाही.

आता प्रत्यक्ष क्रियेकडे वळू. मागावर ताण सोसावा म्हणून ताण्याच्या सुताला खळ दिली जाते. रंगविण्यापूर्वी ती खळ काढावी लागते, कापड अल्कलीत उकळावे लागते व त्याचे विरंजन करावे लागते. खळीतील पिष्ठ पाण्यात गेले की त्याचे विघटन करताना जंतू पाण्यातील प्राणवायू संपवितात. नदीतील मासे मरतात ते बहुधा रंगाच्या विषाने नव्हे, तर अशा प्राणवायूच्या अभावाने. तथापि पिष्ठाचा हा दोष जैविक शुद्धीकरणाने दूर होऊ शकतो. तो खर्चाचा व शिस्तीचा प्रश्न आहे, ज्ञानाचा नाही. विरंजनासाठी क्लोरीनयुक्त हायपोक्लोराइटऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरावे, हेही आता सर्वमान्य झाले आहे. त्यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही.

खरी अडचण रंगाच्या द्रावणापाशी सुरू होते. सुती कापडासाठी आज सर्वाधिक प्रचलित असलेले रंग अभिक्रियाशील वर्गातील होत. रॅटी व स्टीफन या दोन इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये त्यांचे तत्त्व शोधले आणि १९५६ मध्ये इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीने ते ‘प्रोसियन’ नावाने बाजारात आणले. तोपर्यंतचे रंग तंतूला चिकटून, त्यात शोषले जाऊन किंवा त्याच्या आत अविद्राव्य रूपात अडकून राहत. हा नवा रंग मात्र सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिल गटाशी सहसंयुज बंधाने जोडला जातो. तो तंतूचाच भाग बनतो. त्याची झळाळी व धुण्यातील टिकाऊपणा यामुळे सुती कापडाच्या बाजारात त्याने अल्पावधीत आघाडी घेतली.

या रंगाचे दोन दोष त्याच्या गुणांतूनच उद्भवतात. पहिला असा की, जो रेणू सेल्युलोजशी संयोग पावतो तो पाण्याशीही पावतो. अल्कली घातल्यानंतर तंतू व पाणी यांच्यात रंगासाठी जणू स्पर्धा लागते. पाण्याशी संयोग झालेला रेणू पुन्हा कापडाला जोडला जात नाही. तो धुऊन टाकणे एवढेच उरते. एकच अभिक्रियाशील गट असलेल्या रंगांत शेकडा २० ते ४० भाग असा वाया जाऊ शकतो. गडद लाल किंवा काळ्या छटेनंतर धुण्याच्या अनेक पाण्यांतून जे वाहते ते हेच. इचलकरंजीतील एका ओढ्याला ‘काळा ओढा’ हे नाव आहे. त्याचे अधिक स्पष्टीकरण आवश्यक नाही.

दुसरा दोष डोळ्यांना दिसत नाही आणि म्हणूनच तो अधिक घातक आहे. पाण्यात बुडविलेल्या कापसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. रंगाच्या रेणूवर सल्फोनेट गट असल्याने तोही ऋणभारितच असतो. सजातीय भार परस्परांना दूर लोटतात. हे प्रतिसारण मोडण्यासाठी द्रावणात मीठ घालावे लागते. त्यातील सोडियमचे धन आयन तंतूच्या भारावर आवरण घालतात आणि रंग कापडाकडे सरकू शकतो. मीठ स्वतः कापडात जात नाही. ते मध्यस्थाचे काम करते आणि काम संपताच जसेच्या तसे मोरीत जाते.

किती मीठ? एक साधे गणित करून पाहावे. एक किलो कापडास दहा लिटर द्रावण आणि मध्यम ते गडद छटेसाठी लिटरमागे ५० ग्रॅम मीठ धरले, तर एक किलो कापडामागे ५०० ग्रॅम मीठ लागते. दिवसाला पाच टन कापड अशा रीतीने रंगविणारा कारखाना रोज अडीच टन मीठ नदीच्या दिशेने पाठवितो. कापडाच्या निम्म्या वजनाचे मीठ! जेवणातील मिठाचे प्रमाण चुकले तर घरात बोलणी बसतात. नदीच्या बाबतीत ते मोजण्याचीही तसदी फारशी कोणी घेत नाही.

येथे नियमांतील एक विसंगती लक्षात येते. केंद्र सरकारने २०१६ साली वस्त्रोद्योगाच्या सांडपाण्यासाठी मानके ठरविली. त्यांनुसार जैव प्राणवायू मागणी लिटरला ३० मिलिग्रॅम, रासायनिक प्राणवायू मागणी २५० मिलिग्रॅम, रंग १५० एकके आणि एकूण विद्राव्य घन पदार्थ २१०० मिलिग्रॅम, अशा मर्यादा आहेत. वरील उदाहरणात धुण्यासह एक किलो कापडामागे एकूण १०० लिटर पाणी वापरले असे मानू. मग केवळ मिठामुळेच सांडपाण्यात लिटरला ५००० मिलिग्रॅम क्षार होतात. आता समजा, कारखानदाराने पाण्याची बचत केली आणि ५० लिटरांत काम भागविले. मीठ तेवढेच, पण त्याची संहती १०,००० मिलिग्रॅम झाली. नियमाच्या कागदावर हा बचत करणारा अधिक दोषी ठरतो. आणि विहिरीचे गोडे पाणी ओतून सांडपाणी पातळ करणारा निर्दोष ठरण्याची शक्यता वाढते. नदीत पोचणारे मीठ दोघांचेही पाचशे ग्रॅमच असते. मर्यादा लिटरावर न बांधता रंगविलेल्या कापडाच्या किलोवर बांधली, तर ही विसंगती बरीच दूर होईल.

इचलकरंजीतील प्रक्रिया-कारखान्यांसाठी दररोज १२ दशलक्ष लिटर क्षमतेचे सामुदायिक सांडपाणी शुद्धीकरण केंद्र उभारले गेले. अशा केंद्राची उपयुक्तता नाकारता येत नाही. लहान कारखान्याला स्वतंत्र केंद्र परवडत नाही. परंतु चुना, तुरटी यांसारखे साके आणि जंतूंची टाकी ही या पद्धतीची मुख्य साधने होत. त्यांच्यामुळे रंग बराच जातो, प्राणवायूची मागणी कमी होते. सोडियम व क्लोराइड मात्र या साऱ्या टाक्यांतून निर्वेध पार होतात. जंतू मीठ खात नाहीत आणि तुरटीने मीठ साकळत नाही. याचा एक विपरीत परिणाम होतो : पाणी निवळ दिसू लागले की तक्रार थांबते, आणि क्षारांचा प्रवाह पूर्ववत चालू राहतो.

या नदीच्या बाबतीत स्थानिक वैशिष्ट्य असे की, ती वर्षातील बराच काळ वाहत नाही, साठते. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे ही या जिल्ह्याने महाराष्ट्राला दिलेली मोठी देणगी होय. पावसाळा संपला की बंधाऱ्याच्या गाळ्यांत बरगे घालतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी काढतात. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ अशी या बंधाऱ्यांची माळ पंचगंगेवर आहे. त्यामुळे उन्हाळ्यात नदी म्हणजे एकापुढे एक तळ्यांची रांग बनते. वरून राधानगरीचे पाणी सुटेल तेव्हा ती हलते. मध्यंतरी प्रत्येक तळ्यात जे पडेल ते साचते, बाष्पीभवनाने क्षार आणखी दाट होतात, केंदाळ माजते. तेरवाड बंधाऱ्याजवळ मृत माशांचा खच पडल्याच्या घटना या भागास नव्या नाहीत.

तथापि सर्व दोष रंगाईच्या माथी मारणे शास्त्रीय ठरणार नाही. पंचगंगेत कोल्हापूर व इचलकरंजी या शहरांचे आणि काठच्या गावांचे मैलापाणी येते. साखर कारखान्यांचा वाटाही आहे. २०१२च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची भीषण साथ पसरली, तिच्यात हजारो लोक आजारी पडले आणि अनेकांचे प्राण गेले. ती हिपॅटायटिस ई या विषाणूची, म्हणजे पिण्याच्या पाण्यात मिसळलेल्या मैल्याची साथ होती, रंगाची नव्हे. लोकांच्या मनात ही दोन संकटे एकत्र झाली हे स्वाभाविक असले, तरी संशोधकाने ती वेगळी ठेवली पाहिजेत. मैल्यावरील उपाय माहीत आहेत आणि ते शुद्धीकरणाने साधतात. मिठावरील उपाय शुद्धीकरणाने साधत नाही.

मिठाचा परिणाम कोठे दिसतो? काळ्या जमिनीत. या जमिनीतील माती माँटमोरिलोनाइट जातीची, फुगणारी व आकसणारी आहे. तिच्या कणांवर कॅल्शियमचे आयन असतात तोवर कण परस्परांस धरून राहतात, जमिनीत हवा व पाणी खेळते. सोडियमने कॅल्शियमची जागा घेतली की कण सुटे होतात, छिद्रे बुजतात. जमीन ओली असता चिखल व वाळली असता दगड होते. शिरोळ तालुक्यातील क्षारपड जमिनीचे प्रमुख कारण उसाला दिलेले अतिरिक्त पाणी व निचऱ्याचा अभाव हे आहे, यात शंका नाही; शिरोळच्या श्री दत्त सहकारी साखर कारखान्याने जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घालून अशा जमिनी सुधारण्याचे मोठे काम हाती घेतले, ते याच कारणासाठी. परंतु ज्या जमिनीतून एकीकडे मीठ काढावयाचे, तिलाच दुसरीकडे मिठाचे पाणी पाजावयाचे, हा व्यवहार फार काळ चालण्यासारखा नाही.

या साऱ्याचा शेवट पिण्याच्या पाण्याच्या भांडणात झाला. पंचगंगेचे पाणी विश्वासार्ह राहिले नाही म्हणून इचलकरंजीने कृष्णेचे पाणी घेतले. तेही पुरेना म्हणून दानोळीहून वारणेचे पाणी आणण्याची योजना निघाली. २०१८ मध्ये वारणाकाठच्या गावांनी तिला कडवा विरोध केला. त्यानंतर सुळकूड येथून दूधगंगेचे पाणी आणण्याची योजना पुढे आली, आणि दूधगंगाकाठही विरोधात उभा राहिला. ज्यांनी आपली नदी बिघडविली त्यांनी आमच्या नदीला हात का लावावा, हा काठच्या शेतकऱ्यांचा प्रश्न आहे. आणि कारखानदारांनी बिघडविलेल्या नदीची शिक्षा यंत्रमागावरील मजुराच्या घागरीने का भोगावी, हा शहराचा प्रश्न आहे. दोन्ही प्रश्न न्याय्य आहेत. या दोन नद्यांमधील हुपरी-रेंदाळ पट्ट्याला तर हा वाद दोन्ही बाजूंनी ऐकू येतो.

अन्यत्र काय घडले हे पाहणे येथे उपयुक्त होईल. तमिळनाडूतील तिरुपूर येथे नोय्यल नदीच्या काठी रंगाईचे शेकडो कारखाने उभे राहिले. खालच्या बाजूस शेतीसाठी बांधलेले ओरत्तुपाळयम धरण सांडपाण्याचे तळे बनले आणि शेतकऱ्यांनीच त्याच्या पाण्याला नकार दिला. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सुमारे ७०० रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. त्यानंतर तेथे सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची पद्धत रूढ झाली. जैविक शुद्धीकरणानंतर पाणी पटलातून दाबाने गाळले जाते. त्यातून बहुतेक पाणी पुन्हा वापरण्याजोगे मिळते, आणि उरलेले दाट खारे पाणी आटविले जाते. यातील अडचण इंधनाची. एक लिटर पाण्याची वाफ करण्यास सुमारे २२६० किलोजूल उष्णता लागते. साध्या बाष्पीभवनात एक घनमीटर पाण्यासाठी आपल्याकडील दगडी कोळसा दीडशे किलोंहून अधिक जळेल. अनेक टप्प्यांच्या यंत्रात वाफेची उष्णता पुनःपुन्हा वापरून हा खर्च बराच उतरतो, तरी तो लहानसहान नाही. शिवाय अखेरीस मिश्र क्षारांचा जो गाळ उरतो त्याला ना भाव, ना जागा. नदीतील मीठ गोणीत भरून आवारात रचले, एवढाच त्या अवस्थेत फरक.

मात्र तिरुपूरने एक गोष्ट शिकविली ती मोलाची आहे. रंगाईत साध्या मिठाऐवजी सोडियम सल्फेट वापरले, तर ते परत मिळविता येते. या क्षाराची विद्राव्यता ३२.४ अंश सेल्सियसपर्यंत झपाट्याने वाढते आणि थंड केल्यास तितक्याच झपाट्याने घटते. म्हणून दाट द्रावण गार केले की दहा रेणू पाणी घेतलेले ग्लॉबर मिठाचे स्फटिक खाली बसतात. ते पुन्हा रंगाच्या टाकीत घालता येतात. साध्या मिठाची विद्राव्यता उष्णतेने फारशी बदलत नसल्यामुळे त्याला ही युक्ती लागू पडत नाही. झारेकऱ्याचे काम येथे थंडी करते. सोडियम सल्फेट महाग असते म्हणून कारखानदार ते टाळतो. वस्तुतः महाग आहे म्हणूनच ते परत मिळविण्याची बुद्धी होते.

याहून सरस उपाय म्हणजे मिठाची गरजच न ठेवणे. कापड उलगडलेल्या रुंदीत रंग व अल्कली यांच्या दाट द्रावणातून काढून रुळांनी दाबावयाचे, गुंडाळून वर पातळ आवरण घालावयाचे आणि साधारण तपमानावर बारा ते चोवीस तास सावकाश फिरवीत ठेवावयाचे, अशी एक पद्धत आहे. तिला शीत पॅड-बॅच पद्धती म्हणतात. द्रावण कापडातच दाबून भरलेले असल्याने रंगाला दुरून यावे लागत नाही. म्हणून मध्यस्थ मीठ लागत नाही, वाफही लागत नाही, आणि रंग बसण्याचे प्रमाणही वाढते. तिरुपूरच्या विणीच्या नळीवजा कापडाला ही पद्धत अवघड जाते. इचलकरंजीचे कापड मागावरचे, सपाट व सुती आहे. त्याला ती अगदी जुळणारी आहे. तिरुपूरला जी सवलत निसर्गतः नव्हती ती येथे आहे, आणि तिचा पुरेसा लाभ घेतला जात नाही, हे खेदाने नमूद करावे लागते. दोन अभिक्रियाशील गट असलेले रंग वापरले तर वाया जाणारा रंगही पुष्कळ घटतो.

मग ही पद्धत सर्वत्र का नाही? कारण तांत्रिक कमी आणि व्यापारी अधिक आहे. प्रक्रिया-कारखान्यात येणारे कापड बहुधा कारखानदाराच्या मालकीचे नसते. व्यापाऱ्याचे कापड तो मीटरमागे मजुरी घेऊन रंगवितो. व्यापाऱ्याला छटा नमुन्याशी जुळलेली हवी आणि माल उद्या हवा. शीत पद्धतीत छटा बरोबर आली की नाही हे दुसऱ्या दिवशी कळते. जिगरवर मात्र कारागीर कापडाचे टोक पाहत चिमूटभर रंग वाढवू शकतो. लहान लहान तागे, रोज बदलणाऱ्या छटा आणि रुळांचा दाब सर्वत्र सारखा ठेवणाऱ्या यंत्राची किंमत ही आणखी काही कारणे. मीठ स्वस्त, नदीचे पाणी त्याहून स्वस्त, आणि उधारीवर चालणारा धंदा. अशा स्थितीत जुन्या जिगरला चिकटून राहणाऱ्या कारखानदाराला मूर्ख म्हणता येत नाही.

वनस्पतिज रंगांकडे परत जावे, असे काही जण सुचवितात. आल, मंजिष्ठ, नीळ, डाळिंबाची साल यांनी आपल्या रंगाऱ्यांनी शतकानुशतके सुंदर कापड रंगविले हे खरे. पण त्यातील बहुतेक रंगांना तुरटी, लोह किंवा तांबे यांचे क्षार लागतच असत, आणि यंत्रमागांच्या एका शहराचे कापड रंगवावयाचे तर उसाइतकी जमीन रंगाच्या पिकांना द्यावी लागेल. निवडक हातकामासाठी ती वाट चांगली आहे. त्याचप्रमाणे, कर्करोगकारक अमाइन निर्माण करणाऱ्या ११२ रंगांवर भारत सरकारने १९९० नंतरच्या दशकात बंदी घातली, हा कामगार व ग्राहक यांच्या आरोग्यासाठी योग्य निर्णय होता. मिठाच्या प्रश्नाला मात्र त्याचा स्पर्श होत नाही.

विद्यापीठीय विभागांना या विषयात करण्यासारखे काम बरेच आहे, आणि त्यासाठी महागड्या उपकरणांची गरज नाही. क्लोराइड हा आयन नदीत नष्ट होत नाही, मातीला फारसा चिकटत नाही, जंतूंनी बदलत नाही. म्हणून रुई, इचलकरंजी, तेरवाड व शिरोळ या चार बंधाऱ्यांवर पाण्याची विद्युत्वाहकता आणि क्लोराइड आठवड्यातून एकदा मोजले व त्याच दिवशीचा विसर्ग नोंदविला, तर कोणत्या दोन बंधाऱ्यांच्या दरम्यान किती टन मीठ नदीत आले, हे वजाबाकीने सांगता येईल. मैलापाण्यातही मीठ असते. तेव्हा शहराची लोकसंख्या धरून तो भाग वेगळा काढावा लागेल. वाचने बरगे घातलेल्या महिन्यांत घ्यावीत आणि बरगे काढण्याच्या दिवसांत तासातासाने घ्यावीत, कारण उन्हाळाभर साचलेले क्षार तेव्हाच एकदम खाली जातात. तुलनेसाठी दूधगंगेवर सुळकुडाजवळ एक ठिकाण आणि हुपरी परिसरातील काही विहिरी याच वेळापत्रकात घ्याव्या लागतील.